झिणीला प्रमाणपत्र, बासमतीला प्रतिकारशक्ती

आधी माझं म्हणणं सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. ज्या विद्येनं बासमतीला करप्यापासून वाचवलं, ती विद्या आपल्या झिणीला, म्हणजे तुम्हीआम्ही ज्याला वाडा कोलम म्हणतो त्या भाताला, मिळायलाच हवी. आणि ती मिळावी म्हणून कुणी आरडाओरडा करत नाही याचं एक कारण आपण आहोत. आपण म्हणजे ठाणे-डोंबिवली-कल्याणचे, महिन्याला दहापंधरा किलो तांदूळ विकत घेणारे, पेपर वाचणारे, व्याख्यानांना जाणारे लोक.

हे लिहायला निमित्त झालं अशाच एका व्याख्यानाचं. विषय 'विषमुक्त अन्न'. सभागृह भरलेलं, वक्ते अभ्यासू, बोलणं ओघवतं. रासायनिक खतं, फवारण्या, जमिनीचा कस... सगळं पटण्यासारखं चाललं होतं. मग म्हणाले, "आता जनुकीय मार्कर नावाचं नवं खूळ आलंय. बीटी वांग्याला आपण दारातून हाकललं, ते आता तांदळाच्या रूपानं खिडकीतून आत येतंय." टाळ्या! माझ्या शेजारच्या काकूंनी तर हे वाक्य डायरीत लिहून घेतलं. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी हात वर केला, पण तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. तेव्हा तिथे जे बोलायचं राहिलं ते इथे.

बीटी वांग्यात एका जिवाणूचं जनुक प्रयोगशाळेत नेऊन बसवलेलं होतं. ते चांगलं की वाईट हा वाद वेगळा. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये त्याला स्थगिती दिली आणि ती अजून उठलेली नाही. मार्करच्या वाटेनं केलेल्या भातात असं काहीही बसवलेलं नसतं. दोन भातांचा संकर होतो, तोही शेतातल्यासारखाच, एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलावर नेऊन. नवं असतं ते फक्त निवड करणं.

मार्कर म्हणजे खूण. रात्रीच्या लोकलमध्ये गर्दीमुळे बाहेरचं काही दिसत नसतं, पण फटीतून पत्री पूल दिसला की आपण दाराकडे सरकायला लागतो, कारण कल्याण आलं. पत्री पूल म्हणजे काही कल्याण स्टेशन नव्हे. पण तो त्याच्या इतका जवळ आहे की पूल दिसला आणि कल्याण आलं नाही असं होत नाही. भाताच्या बारा गुणसूत्रांवर अशा हजारो खुणा आता माहीत आहेत. रोगाला दाद न देणाऱ्या जनुकाच्या अगदी लगत असलेली खूण हेरायची. संकरातून आलेल्या रोपट्याच्या पानाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा आणि ती खूण आहे की नाही एवढंच पाहायचं. असेल तर रोप ठेवायचं, नसेल तर उपटायचं. बस्स, एवढंच ते 'खूळ'. रोपाला काही टोचलं नाही की त्यात काही घातलं नाही.

यात डोकं कुठे लागतं तेही सांगते, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. जुन्या पद्धतीत रोगप्रतिकारक रोप ओळखायचं तर त्याला रोग द्यावा लागतो. जिवाणू कालवलेल्या पाण्यात कात्री बुडवायची, तिनं पानांचे शेंडे कापायचे आणि दोनतीन आठवडे वाट पाहायची. ज्याचं पान वाळत खाली गेलं ते बाद. ही पद्धत छानच आहे आणि आजही शेवटची परीक्षा हीच असते. पण काही जनुकं लपून बसतात. उदाहरणार्थ एक्स-ए-१३ किंवा एक्स-ए-५. आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून आली तरच ती काम करतात. एकाच बाजूनं आली तर रोप आजारी पडतं आणि कात्रीच्या परीक्षेत नापास होतं. म्हणजे जनुक अंगात आहे, पण दिसत नाही. पूर्वी अशा रोपांसाठी दर फेरीला एक हंगाम जास्त मोडायचा. खूण मात्र पहिल्याच पिढीत, वीतभर रोपात दिसते.

आणि एकाच रोपात तीन जनुकं आहेत की एक, हे कात्रीला सांगता येत नाही. तिन्ही प्रकारांत पान हिरवंच राहतं. तीनचा आग्रह का, तर एका जनुकाच्या भरवशावर राहिलं की जिवाणू त्याच्यावर मात करायला शिकतो. फिलिपिन्समध्ये १९७० नंतर एक्स-ए-४ हे एकच जनुक असलेल्या जाती सगळीकडे पसरल्या आणि काही वर्षांत जिवाणूनं त्याला न जुमानणारा आपला अवतार काढला. त्या अनुभवातून शहाणपण आलं की भिंत बांधायची तर तिपदरी बांधावी.

आता रोगाबद्दल. नुसतं 'करपा' म्हटलं तर तो बुरशीचा. मी जास्त करून बोलतेय तो कडा करपा, जिवाणूंचा. माझं माहेर वाडा तालुक्यातलं, त्यामुळे हा पाहुणा मला लहानपणापासून ओळखीचा आहे. पानाच्या शेंड्यापासून, कडेकडेनं, नागमोडी पिवळा पट्टा खाली उतरत येतो आणि मग वाळलेल्या पेंढ्यासारखा होतो. सकाळी बघाल तर त्या कडेवर दुधट थेंब असतात. वारा-पावसाचा एक जोराचा दिवस गेला की हेच थेंब उडून अख्खं खाचर धरतात. खात्री करायची असेल तर रोगट पान कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरायचं; थोड्या वेळात कापलेल्या टोकातून धुरासारखा पांढुरका धागा पाण्यात उतरताना दिसतो. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा मुलांना हा प्रयोग हमखास करून दाखवायचे. मुलं एरवी सूक्ष्मजीवशास्त्राच्या तासाला पेंगायची, पण त्या पेल्याभोवती गर्दी व्हायची.

जपानात हा रोग १८८४ पासून नोंदलेला आहे. आपल्या देशात तो पहिल्यांदा नोंदला गेला १९५० च्या दशकात, तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आपल्याच अंगणात! पुढे १९६३ साली बिहारमध्ये त्यानं हाहाकार केला तेव्हा दिल्लीला जाग आली. बुटक्या, भरपूर युरिया खाणाऱ्या जाती आल्या आणि त्याचं फावलं, कारण नत्र जास्त झालं की पान लुसलुशीत होतं आणि जिवाणूला मेजवानी मिळते. इथवर व्याख्यात्यांशी माझं शंभर टक्के जमतं. युरियाचा अतिरेक हे रोगाला दिलेलं आमंत्रणच आहे.

पण युरिया न टाकणाऱ्याचं काय? माझा मामेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, दोन एकरांत झिणी लावतो. युरिया हात राखून, शेणखत भरपूर. झिणी उंच आणि नाजूक, तिला फार खत सोसतच नाही, लोळते. तरी २०१९ च्या त्या वेड्या पावसात पीक पोटरीत असताना कडा करपा आला. दादानं दुकानातून पुडी आणून फवारली. त्या पुडीचं नाव स्ट्रेप्टोसायक्लीन. त्यात काय असतं ठाऊक आहे? स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन. स्ट्रेप्टोमायसीन, म्हणजे क्षयरोगावरचं औषध! भर पावसात, उघड्यावर, खाचरातल्या पाण्यावर आपण क्षयाचं औषध शिंपडतो आणि मग औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर परिसंवाद घेतो. बरं, एवढं करून फायदा? रोग पसरल्यावर त्याच्यावर खात्रीचं असं औषध नाहीच. दादाच्या लोंब्या निसवल्या त्या अर्ध्या पोचट. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ही प्रतिजैविकं शेतीतून काढून टाकण्याचा मसुदा काढला, आणि ते योग्यच होतं. पण पुडी काढून घेतल्यावर दादाच्या हातात द्यायचं काय, हा प्रश्न उरतोच. विषमुक्त शेतीवाल्यांनी तर याचं उत्तर सगळ्यात आधी शोधायला हवं, कारण फवारणीशिवाय रोग टाळायचा सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे रोगाला बळी न पडणारं बी. अजब आहे की नाही? विषाला विरोध करणारेच बिनविषाच्या उपायाला विरोध करतायत.

आणि हा उपाय हवेतला नाही. हैदराबादला सीसीएमबी आणि भात संशोधन संचालनालय (आता त्याला भारतीय भात संशोधन संस्था म्हणतात) या दोन सरकारी संस्थांनी मिळून सांबा मसुरीत तीन जनुकं आणली: एक्स-ए-२१, एक्स-ए-१३ आणि एक्स-ए-५. सांबा मसुरी ही आंध्र-तेलंगणाची लाडकी, बारीक दाण्याची, भाव मिळवून देणारी जात. फक्त कडा करप्यापुढे पार लेची. सुधारलेली जात २००८ मध्ये आली. दाणा तसाच बारीक, भात तसाच, पण रोगाला ठाम. योगायोगानं तिचा ग्लायसेमिक इंडेक्सही कमी निघाला, साधारण ५१. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माझ्या वाचकांनी इथे कान टवकारले असतील! पण तो या लेखाचा विषय नाही.

त्यातल्या एक्स-ए-२१ ची गोष्ट मला फार आवडते. हे जनुक आलं आफ्रिकेतल्या माली देशातल्या जंगली भातातून. तो भात तसा खायच्या कामाचा नाही. पण तो कडा करप्याला दाद देत नाही हे कुठे लक्षात आलं, तर आपल्या कटकच्या भात संशोधन केंद्रात. मग फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत त्याचा लागवडीच्या भाताशी संकर झाला. १९९५ साली अमेरिकेत पामेला रोनाल्ड यांच्या गटानं ते जनुक वेगळं काढून दाखवलं. जनुक बसतं अकराव्या गुणसूत्रावर. आणि जगातल्या देशांनी मिळून भाताचा संपूर्ण जनुकीय नकाशा काढला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारताच्या वाट्याला आला होता याच अकराव्या गुणसूत्राचा एक तुकडा! म्हणजे यात आपल्या कराचा पैसा आहे, आपल्या माणसांची मेहनत आहे. ही विद्या कुण्या परदेशी कंपनीनं आपल्या गळ्यात मारलेली नाही.

खरं सांगायचं तर हेच जनुक दुसऱ्या वाटेनं, म्हणजे बीटीच्या वाटेनं, थेट भातात घालूनही पाहिलं गेलंय. तेव्हा वक्त्यांना भीती वाटली तर त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पाहुणा तोच, वाटा दोन. पण सांबा मसुरीत तो संकराच्या वाटेनं आला. आता तर तिसरीही वाट आहे, भाताचंच जनुक जागच्या जागी दुरुस्त करण्याची. मे २०२५ मध्ये अशा दोन जाती दिल्लीत जाहीर झाल्या, त्यातली 'कमला' सांबा मसुरीपासूनच केलेली. त्यांच्याबद्दल वाद घालायचा तर जरूर घाला, मीही येईन ऐकायला. पण तिन्ही वाटांना एकच पाटी लावून टाळ्या घेऊ नका.

बासमतीची गोष्ट अधिक बोलकी आहे. दिल्लीच्या पुसा संस्थेनं २००७ मध्येच पुसा बासमती-१ मध्ये कडा करप्याविरुद्धची दोन जनुकं आणली होती. मग २०१७ साली युरोपीय संघानं ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाची तांदळातली मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. शंभरपट खाली. हे औषध आपल्याकडे करप्यावर, बुरशीच्या, सर्रास फवारतात. झालं! बासमतीची पोती परत येण्याची भीती उभी राहिली. बासमती म्हणजे साधंसुधं प्रकरण नाही. २०२३-२४ साली देशानं ४८ हजार कोटी रुपयांच्या वर बासमती निर्यात केला. २०२१ मध्ये पुसानं १८४७, १८८५ आणि १८८६ अशा तीन बासमती जाती दिल्या. त्यात कडा करप्याविरुद्ध दोन आणि बुरशीच्या करप्याविरुद्ध दोन जनुकं. तीच बासमती, तोच वास, तीच लांबी. फवारणीची गरज कमी.

त्याच २०२१ साली आपल्या वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात फोटो आले, दुकानदारांनी पाट्या रंगवल्या, 'अस्सल जी.आय. वाडा कोलम'. मला आनंद झाला, का नाही होणार? माहेरचं नाव आहे. पण हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. एका भाताला प्रमाणपत्र मिळालं आणि दुसऱ्याला प्रतिकारशक्ती. प्रमाणपत्रानं झिणीचं नाव चोरण्यापासून वाचेलही. खाचरात करपा आला तर तो काही प्रमाणपत्र वाचत बसत नाही.

मला बासमतीचा राग नाही. त्या शास्त्रज्ञांचं कौतुकच आहे. माझं म्हणणं एवढंच की युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या ताटात औषधाचा अंश जाऊ नये म्हणून आपण चार जनुकं गोळा करतो, आणि डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाच्या ताटासाठी...? आपलं पोट काय पत्र्याचं आहे? युरोपनं नियम केला म्हणून बासमती सुधारला. आपण मागणी केली नाही म्हणून झिणी आहे तिथे आहे. आपण दुकानात जाऊन विचारतो, "अस्सल आहे ना? जुना आहे ना? भात मोकळा होतो ना?" त्यावर किती फवारलं, हे मी आजवर एकाही माणसाला विचारताना ऐकलेलं नाही.

मोठ्या बाजारपेठेशिवाय कुणी हे काम करत नाही, असं म्हणाल तर तेही खरं नाही. ओडिशात लालत आणि तपस्विनी या तिथल्या रोजच्या खाण्यातल्या जाती कटकच्या संस्थेनं याच पद्धतीनं सुधारून २०१२ मध्ये दिल्या. ना त्यांना युरोपात मागणी, ना त्यांच्या पाट्या रंगवल्या जातात. आपल्याकडे डोंबिवलीहून लोकलनं तासाभरावर कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. इंग्रजांच्या काळापासून तिथे भातावर काम होतंय. कर्जतच्या नावाच्या जाती आपल्या जिल्ह्यातल्या खाचरांत घरोघर आहेत. देशात संकरित भाताचं काम सुरू झालं तेव्हा 'सह्याद्री' कर्जतनं दिला. माणसं आहेत, जमीन आहे, विद्या सरकारी आहे. शेजारी मुंबईत प्रयोगशाळांना तोटा नाही. झिणी सुधारून द्या असं ठणकावून सांगणारं गिऱ्हाईक तेवढं नाही.

आता 'शुद्धते'कडे येते, कारण गाडी शेवटी तिथेच अडते. व्याख्यानानंतर त्या डायरीवाल्या काकूंशी बोलले. म्हणाल्या, "अहो, पण मग ती झिणी राहणार का? पूर्वजांनी राखलेलं बी आहे. आम्ही तर बाई फक्त पारंपरिकच खातो, इंद्रायणी." मी काही बोलले नाही, चहा गार होत होता. पण वाचकहो, इंद्रायणी कशी झाली? मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रात, आंबेमोहोर १५७ आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून. जात आली १९८७ मध्ये. आय.आर.-८ म्हणजे फिलिपिन्समध्ये १९६६ साली निघालेली हरितक्रांतीची बुटकी जात, आणि तिचा बुटकेपणा तैवानच्या एका भातातून आलेला. म्हणजे काकूंच्या ताटातल्या पारंपरिक भाताची आजी तैवानची निघाली! म्हणून तिचा वास कमी झाला का? मऊपणा गेला का? आवडीनं खाता ना? मग मालीच्या भाताचं एखादं जनुक झिणीत आलं तर आभाळ का कोसळावं?

उलट झिणीचं झिणीपण राखायला मार्करइतकं चांगलं साधन नाही. नुसत्या संकरात काय होतं, तर हव्या त्या एका जनुकाबरोबर नको असलेलं गबाळही येतं. जाड दाणा येतो, वास जातो, भात चिकट होतो. मग पुन्हापुन्हा मूळ जातीशी संकर करत ते गबाळ धुवून काढायचं. जुन्या पद्धतीत यात सहासात पिढ्या जायच्या आणि तरी थोडं राहायचंच. खुणा वापरल्या की हव्या त्या जागेची एक खूण आणि बाकी बारा गुणसूत्रांवर झिणीच्या शेकडो खुणा, दोन्ही बघता येतात. प्रत्येक पिढीत ज्या रोपात झिणी सगळ्यात जास्त उरली आहे तेच पुढे न्यायचं. तीनचार फेऱ्यांत काम होतं. शुद्धता शुद्धता म्हणणाऱ्यांनी ही पद्धत डोक्यावर घ्यायला हवी. मानांकनाच्या कागदाचा प्रश्न येईल हे मान्य. पण बासमतीलाही मानांकन आहेच ना, आणि सुधारलेल्या पुसा जाती बासमती म्हणूनच विकल्या जातात. तिथे वाट निघते ती इथे का निघणार नाही?

दुसऱ्या बाजूला मात्र मला प्रयोगशाळेच्या आरत्याही ओवाळायच्या नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. दीडएक एकराचा शेतकरी. १९८३ मध्ये पटेल-३ भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, दरवर्षी वेगळ्या लावल्या आणि त्यातून एचएमटी भात झाला. तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या घड्याळाचं नाव. ठाण्याच्या किराणा दुकानात आजही एचएमटीचं पोतं असतं, आणि घेणाऱ्याला वाटतं कंपनीचं नाव असेल. पुढे कृषी विद्यापीठाची 'पीकेव्ही एचएमटी' आली, श्रेयावरून वाद झाले, पुरस्कार मिळाले, आणि २०१८ मध्ये दादाजी गेले ते पैशाच्या विवंचनेतच. त्यांची नजर हाच त्यांचा मार्कर होता. झिणी सुधारायची तर सुरुवात अशाच नजरेच्या माणसांपासून व्हायला हवी: वाड्यातल्या कुठल्या बाईकडे सगळ्यात निर्मळ बी आहे, कुणाची झिणी सगळ्यात वासाची, कुणाच्या खाचरात करपा आला तरी एका कोपऱ्यात येत नाही. हे प्रयोगशाळेला कळत नाही. आणि त्या माणसांची नावं कागदावर आली पाहिजेत, श्रेय म्हणूनही आणि पैसे म्हणूनही.

बियाण्याची मालकी ही तर सगळ्यात खरी भीती. पण तिचा मार्करशी संबंध नाही. सुधारलेली सांबा मसुरी ही सरळ वाणाची जात आहे, संकरित नव्हे. शेतकरी घरचं बी पुढच्या वर्षी पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो. २००१ च्या कायद्यानं तो हक्क त्याला दिलेला आहे. सरकारी पैशातून झालेली झिणी याच अटीवर मागायची. हे काम आपण मागितलं नाही आणि उद्या एखाद्या कंपनीनं केलं, तर मात्र पुडीवर अटी तिच्या असतील. त्यासाठी भांडायचं असेल तर मी पहिल्या रांगेत बसायला तयार आहे.

कुणी म्हणेल, करप्याचं काय घेऊन बसलात, भाताचा खरा रोग बिल्डर आहे. खरंय. कल्याण-शीळ रस्त्यानं जाताना मी सून म्हणून आले तेव्हा दोन्ही बाजूंना खाचरं होती, आता मोजायला मजले आहेत. समृद्धी महामार्ग शहापूर तालुका चिरून भिवंडीजवळ आमण्याला उतरला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना जमिनीच्या बोल्या लागतायत. त्यावर कुठलंच जनुक नाही. पण दादाच्या शेजाऱ्यानं जमीन विकली ती काय फक्त भाव आला म्हणून? लागोपाठ दोन वर्षं पोचट भात झोडपल्यावर विकली. भात पिकवणं परवडत असेल तर माणूस एजंटाला दारातून परत पाठवायचा विचार तरी करतो.

हिशेब फार लांबचा नाही. आज संकर सुरू केला तर दोन हंगाम धरून झिणी पुन्हा झिणी व्हायला चारेक वर्षं, मग ठिकठिकाणच्या चाचण्यांची दोनतीन. मागच्या दिवाळीत मी दादाला हे सगळं कागदावर बाणबिण काढून समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "ताई, बी मी देतो. निवडून पाच किलो काढून ठेवलंय, आईच्या वेळचं आहे. फक्त न्यायला कोण येणार ते सांग. कारण औंदा मी झिणी अर्ध्या एकरावर आणलीय."